ओट्याचा दगड निवडताना

गेल्या महिन्यात मधुमेहाच्या तपासणीला आलेल्या एका बाईंनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. मला वाटले रक्ताचा रिपोर्ट असेल. पाहते तो फरशीच्या दुकानाचे अंदाजपत्रक! "डॉक्टरबाई, स्वयंपाकघर नवीन करतोय. दुकानदार म्हणतो, क्वार्ट्झ घाला, त्यात जंतू शिरत नाहीत. सासूबाई म्हणतात, आपला कडप्पाच बरा. तुम्हीच सांगा."

हा प्रश्न डॉक्टरला विचारायचा का, असे काही वाचकांना वाटेल. मला मात्र तो अगदी योग्य वाटला. घरातली बाई दिवसाचे तीन-चार तास ज्या ओट्यापाशी उभी असते, ज्यावर साऱ्या घराचे अन्न शिजते, त्याचा प्रकृतीशी संबंध नाही असे कसे म्हणावे? शिवाय त्याच आठवड्यात दवाखान्यात आणखी एक रुग्ण येऊन गेला होता. त्याच्याविषयी पुढे सांगते.

आधी जंतूंचे पाहू. दगड जितका कमी सच्छिद्र तितके पाणी आणि तेल त्यात कमी मुरते, हे खरे आहे. पण ओट्यावरचे जंतू दगडाच्या पोटात राहत नाहीत. ते राहतात सांध्यात, सिंकच्या कडेला, शेगडीखाली आणि सर्वांत जास्त आपल्या ओल्या फडक्यात! सकाळी दूध सांडले म्हणून पुसले, त्याच फडक्याने दुपारी भाजीचा चिखल पुसला आणि रात्री त्यानेच ताटे कोरडी केली, तर इटलीहून आणलेला दगडही उपयोगाचा नाही. कच्चे चिकन किंवा अंडी हाताळल्यावर ओटा साबणाच्या पाण्याने धुवावा आणि कोरडा करावा. साल्मोनेलासारखे जंतू याच वाटेने कोशिंबिरीत जातात. मांसाची पाटी वेगळी, भाजीची वेगळी. फडके रोज धुऊन उन्हात वाळवावे. जंतूंपुरते बोलायचे तर दगडाच्या किमतीपेक्षा या सवयी मोलाच्या आहेत.

म्हणूनच ओट्यावर सांधे जितके कमी तितके चांगले. पूर्वी पांढऱ्या टाइल्सचे ओटे करीत. दिसायला स्वच्छ, पण दोन टाइल्समधला सिमेंट वर्षभरात काळा पडे. टाइल्स भिंतीला लावाव्यात, ओट्याला नकोत. प्लायवूडवर सनमायका लावलेला ओटा स्वस्त पडतो, पण सिंकजवळ पाणी आत शिरले की लाकूड फुगते आणि त्या फटीत झुरळांचे कुटुंब सुखाने नांदू लागते. स्टेनलेस स्टीलचा पत्रा स्वच्छतेच्या दृष्टीने उत्तम. हॉटेलांत तोच असतो. घरात तो फारसा कोणी बसवीत नाही, कारण ओरखडे पडतात आणि भांड्यांचा आवाज होतो.

आता दगडांकडे वळू. आंध्रातल्या ज्या जिल्ह्याचे नाव कडप्प्याला मिळाले आहे, तिथला हा दगड चुनखडीच्या जातीचा. संगमरवरही रासायनिकदृष्ट्या त्याच घराण्यातला. या घराण्याला आंबट सोसत नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांचे थेंब राहिले की चकाकी जाऊन पांढुरका डाग पडतो. कडप्प्याचे पदर सुटतात अशीही तक्रार असते, ती खोटी नाही. पण तो स्वस्त आहे, गरम कढई सोसतो आणि वेळच्या वेळी पुसला तर वर्षानुवर्षे टिकतो. माझ्या स्वतःच्या घरी कडप्पाच आहे. त्यावर डाग आहेत, पण आमच्या घरी त्या डागांनी कोणी आजारी पडलेले नाही.

चुनखडीच्या दगडावर एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी, ती म्हणजे ॲसिड. बाथरूम धुण्याची बाटली काही घरांत ओट्यावरही फिरते. त्याने दगड खाल्ला जातो आणि खरखरीत होऊन आणखी मळतो. त्यातच कोणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू तयार होतो. दारे-खिडक्या बंद असलेल्या स्वयंपाकघरात तो श्वासाबरोबर गेला, तर जिवावर बेतू शकते. ॲसिड आणि ब्लीचिंग कधीही एकत्र करू नये.

ग्रॅनाइट कठीण असतो, आंबट-गरम दोन्ही सोसतो. बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून जे मिळते त्यातले बरेच दगड शास्त्राच्या भाषेत ग्रॅनाइट नसतातच, पण ओट्याला ते चांगले असतात. घेण्याआधी एका तुकड्यावर लिंबाचा रस रात्रभर ठेवून पाहावा. डाग पडला तर दगड दुसराच आहे किंवा त्याला रंग चढवला आहे, असे समजावे. ग्रॅनाइटमधून किरणोत्सर्ग होतो म्हणून घाबरणारेही भेटतात. तो इतका अल्प असतो की खिडकी असलेल्या स्वयंपाकघरात त्याची काळजी करू नये.

राहिला दुकानदाराचा क्वार्ट्झ. हा खाणीतून निघालेला अखंड दगड नव्हे. क्वार्ट्झचा चुरा रेझिनमध्ये दाबून तो कारखान्यात बनवतात. दिसायला देखणा, डागही कमी पडतात. रेझिनमुळे तापलेली कढई मात्र त्यावर थेट ठेवता येत नाही.

आता तो दुसरा रुग्ण. वय चौतीस. आठ वर्षे मोठ्या शहरात ओट्याचे दगड कापण्याचे काम, अलीकडे बहुतेक क्वार्ट्झचेच. एक मजला चढला की दम लागे, वजन उतरले होते. क्षय समजून आधी कोठेतरी औषधेही झाली होती. एक्स-रे पाहिला आणि छातीच्या तज्ज्ञांकडे पाठवले. निदान आले सिलिकोसिस. त्याचा धाकटा मुलगा बाहेर बाकावर बसून माझ्या कंपाउंडरच्या पेनाने चित्र काढत होता.

क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकरूप सिलिका. ग्रॅनाइटमध्ये ते साधारण २० ते ४५ टक्के असते, संगमरवरात अगदी थोडे, आणि या कृत्रिम दगडात पुष्कळदा ९० टक्क्यांच्या वर. कटर चालला की डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ उडते आणि फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते. ती गिळायला आलेल्या पेशीच तिच्यामुळे मरतात, तेथे व्रण होतात आणि स्पंजासारखे मऊ फुफ्फुस कडक होत जाते. हे व्रण पुन्हा भरून येत नाहीत. अशा फुफ्फुसात क्षयही लवकर शिरतो. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी २०१२ साली असे २५ कामगार नोंदवले. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडाच्या ओट्यांवर बंदी घातली.

ज्यांच्या घरी हा दगड आधीच बसला आहे त्यांनी घाबरू नये. बसलेल्या ओट्यातून धूळ उडत नाही. त्रास आहे तो कापताना आणि घासताना.

मी त्या बाईंना सांगितले, कडप्पा घ्या, नाहीतर ग्रॅनाइट. दगड कोणताही घेतलात तरी सिंकचे भोक आणि कडा दारात कोरड्या कापू देऊ नका. पाण्याची धार धरून कापायला सांगा, आणि तोंडाला रुमाल बांधलेला कारागीर दिसला तर त्याला एन-९५ मास्क आणून द्या. रुमालाने ही धूळ अडत नाही. मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवा. खाली पडलेली भुकटी झाडूने झाडू नका, ओल्या कापडाने टिपा.

जाता जाता उंचीविषयी. उभे राहून कोपर काटकोनात वाकवा. त्याच्या चार ते सहा इंच खाली ओटा असावा. गवंडी विचारल्याशिवाय सगळ्यांना एकाच मापाचा बांधून देतो आणि मग पाठ दुखते म्हणून माझ्याकडे यावे लागते.

दगड कापण्याचे, पॉलिशचे किंवा खाणीतले काम करणारे कोणी आपल्या घरात असेल आणि खोकला, दम लागणे चालू असेल, तर डॉक्टरकडे गेल्यावर पहिल्याच वाक्यात आपला धंदा सांगावा. आम्ही डॉक्टर बऱ्याचदा ते विचारायचे विसरतो.