मेथीचा वास ओळखता येतो? मग तुमचं नाक तयार आहे!

समजा, फ्रान्समधल्या एका जोडप्याने लग्नाच्या वर्षी व्हाइट वाईनची एक महागडी बाटली घेतली. बरगंडी प्रांतातली, नावाजलेल्या गावची. तळघरात आडवी ठेवली आणि ठरवलं, लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला उघडायची. दहा वर्षं कोणी हात लावला नाही. तो दिवस आला, पाहुणे जमले, बूच निघालं. ग्लासात पडली ती कोऱ्या चहासारखी तपकिरी वाईन. वास चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा, आणि त्यामागे काहीतरी मसाल्याचं. टेबलावर शांतता. बाटली महागाची, यजमान प्रेमाचे. मग कोणीतरी म्हणतं, ‘वा, काय मुरलीये!’

हा प्रसंग कल्पनेतला आहे, पण अशा बाटल्या खऱ्या आहेत. १९९५ आणि १९९६ या सालांच्या बरगंडी व्हाइट वाईन २००० नंतर उघडल्या जाऊ लागल्या, तेव्हा जगभरच्या संग्राहकांना हा धक्का पुन्हा पुन्हा बसला. ज्या वाईन पंधरा-वीस वर्षं टिकतील अशी खात्री होती, त्या सात-आठ वर्षांतच गेलेल्या निघाल्या. या प्रकाराला नावही पडलं, ‘प्रीमॉक्स’. म्हणजे वेळेआधीच झालेलं ऑक्सिडेशन.

तुम्ही म्हणाल, कॅन्टीनच्या कटिंगवर जगणाऱ्या आम्हाला याचं काय? थांबा. या गोष्टीत तुमच्याच वयाचे चोपन्न विद्यार्थी आहेत, न्यूयॉर्क शहराला पडलेलं एक कोडं आहे आणि तुमच्या घरच्या मिसळणाच्या डब्यातले मेथीदाणेही आहेत.

वाईन मुरते म्हणजे काय?

बरगंडी हा पूर्व फ्रान्समधला प्रांत. तिथल्या बोन शहराच्या दक्षिणेला मर्सो, प्युलिन्यी-मोंराशे, शासान्यी-मोंराशे अशी छोटी छोटी गावं एकाला लागून एक आहेत. इथली जवळपास सगळी व्हाइट वाईन एकाच जातीच्या द्राक्षाची, शार्दोनेची. पण जमिनीचा तुकडा बदलला की चव बदलते, असं इथले लोक शेकडो वर्षं मानत आलेत. प्रत्येक तुकड्याला नाव आहे, हद्द आहे, दर्जा आहे. मोंराशे नावाचा सगळ्यात प्रसिद्ध मळा जेमतेम आठ हेक्टरचा, म्हणजे वीस एकरांचा. या नावानिशी जपलेल्या तुकड्यांना २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

द्राक्षाचा रस इथे साधारण २२८ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपांत आंबवतात. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं. मग जिवाणू कच्च्या सफरचंदात असतं तसं आंबट मॅलिक आम्ल घेतात आणि त्याचं दह्यातलं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात. लोण्यासारखा वास येतो तो या टप्प्यावर. तरुण मर्सोत लिंबू, हिरवं सफरचंद, लोणी आणि भाजलेल्या हेझलनटचा वास असतो. चांगल्या बाटलीत काही वर्षांनी लिंबू मागे सरतो आणि मध, सुकामेवा, कधी अळंबी असे वास पुढे येतात. जिभेवरचा आंबटपणा मात्र शाबूत राहतो. तो आहे तोवर वाईन जिवंत.

आपल्याकडे हे समजावून सांगायला लोणचं पुरे. बरणीत घातलं की पहिल्या आठवड्यात मीठ वेगळं लागतं, तिखट वेगळं, फोड वेगळी. काही महिन्यांनी सगळं एकजीव होतं. पण बरणीचं तोंड नीट बांधलं नाही किंवा ओला चमचा गेला, तर तेच लोणचं बुरसतं. मुरणं आणि बिघडणं यांच्यात फार अंतर नसतं.

बूच बाटली घट्ट बंद करतं, पण अगदी किंचित हवा आत जातेच. म्हणून बाटली आडवी ठेवतात, बूच ओलं राहावं आणि आक्रसू नये यासाठी. तळघर अंधारं हवं, तापमान वर्षभर दहा ते तेरा अंश सेल्सिअस आणि हवेत दमटपणा सत्तर टक्क्यांच्या आसपास. उन्हाळ्यात तीस आणि हिवाळ्यात दहा, असं वरखाली झालं तर बाटली लवकर म्हातारी होते. घरचा फ्रीज चार दिवसांना ठीक, दहा वर्षांसाठी नाही. आणि एक लक्षात घ्या, जगातली बहुतेक व्हाइट वाईन, आपल्या नाशिकची धरून, ताजी असतानाच प्यायची असते. वर्षानुवर्षं ठेवण्यासारखी फार थोडी.

जाणकार मंडळी म्हणूनच एकाच वाईनच्या सहा किंवा बारा बाटल्या घेतात आणि दर एक-दोन वर्षांनी एक उघडून वहीत टिपण करतात. प्रीमॉक्सचा खरा वैताग इथेच उघड झाला. एकाच पेटीतली एक बाटली टवटवीत, शेजारची तपकिरी. दोन्ही एकाच पिंपातल्या, एकाच तळघरात ठेवलेल्या.

चोपन्न विद्यार्थी फसले कसे?

वाईनची परीक्षा तीन पायऱ्यांत होते. आधी डोळे, मग नाक, मग जीभ. ग्लास पांढऱ्या कागदासमोर धरून रंग बघायचा. ग्लास हलकेच गोल फिरवून वास घ्यायचा. मग छोटा घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकून टाकायचा. हो, थुंकायचा! व्यावसायिक टेस्टर दिवसाला कितीतरी वाईन तपासतात, सगळ्या गिळल्या तर दुपारपर्यंत आडवे होतील. त्यांच्या शेजारी चक्क पिकदाणी असते.

यात सगळ्यात दगाबाज साक्षीदार म्हणजे डोळे. बोर्दो इथल्या वाईनशास्त्राच्या चोपन्न विद्यार्थ्यांवर याचा प्रयोग झाला. पहिल्यांदा त्यांना एक व्हाइट आणि एक रेड वाईन देऊन वासाचं वर्णन करायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला पुन्हा दोन ग्लास दिले, एक व्हाइट आणि एक रेड. फरक इतकाच, की ही ‘रेड’ म्हणजे तीच व्हाइट वाईन होती, वास नसलेला लाल रंग घातलेली. मुलांनी तिचं वर्णन रेड वाईनच्याच शब्दांत केलं. २००१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

ही मुलं काही नवखी नव्हती, त्यांचं शिक्षणच ते होतं. पण रंग लाल दिसला, मेंदूने ‘रेड’ असं ठरवून टाकलं आणि नाकाने मान डोलावली. आपण रोज हेच करतो. हॉटेल भारी असलं की जेवण भारी लागतं. ज्या सिनेमाला सगळे ‘कल्ट’ म्हणतात, तो कंटाळवाणा वाटला तरी आपण गप्प बसतो. तपकिरी वाईनसमोर बसलेल्या पाहुण्यांचं नाक बरोबर सांगत होतं. बाटलीवरच्या लेबलाने त्यांचं तोंड बंद केलं.

आणि सापडली मेथी

त्या रंगाच्या प्रयोगाचे लेखक तिघे होते. त्यांतले एक बोर्दोचे प्राध्यापक दनी द्युबूर्दिए. व्हाइट वाईन वेळेआधी का म्हातारी होते, याचाही त्यांनी सहकाऱ्यांबरोबर शोध घेतला. बिघडलेल्या बाटल्यांत त्यांना ज्या रेणूने गुंतवून ठेवलं, त्याचं नाव सोतोलॉन. एका लिटरमध्ये काही मायक्रोग्रॅम असला तरी नाकाला कळतो.

सोतोलॉनचा वास कसा? मेथीसारखा! किंबहुना मेथीदाण्यांना त्यांचा तो खास वास या रेणूमुळेच मिळतो. फार कमी असला तर जळक्या साखरेसारखा गोड, वाढला की सरळ मेथी आणि मसाला. २००५ पासून न्यूयॉर्क शहरावर अधूनमधून पाकासारखा गोड वास पसरायचा. लोक घाबरून फोन करायचे, कुठे विषारी वायू तर सुटला नाही? २००९ मध्ये उलगडा झाला. नदीपलीकडे न्यू जर्सीत स्वादद्रव्यांच्या एका कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया चालू होती.

आता विचार करा. वाईनच्या पुस्तकात या वासाला ‘करी’ म्हटलेलं असतं, कारण अनेक युरोपीय नाकांना त्याहून जवळचा शब्द सापडत नाही. लोणच्याच्या मसाल्यात तळलेली मेथी आणि डिंकाच्या लाडवातली मेथी यांतला फरक डोळे मिटून सांगणारं पोरगं मात्र पहिल्याच फटक्यात नेमकं नाव घेईल. गूसबेरी कशी लागते हे माहीत नाही म्हणून न्यूनगंड बाळगायची गरज नाही. आवळा माहीत आहे ना? मग आवळा म्हणा.

प्रीमॉक्सचं कारण मात्र एक निघालं नाही. वाईन टिकवणारा सल्फर डायऑक्साइड कमी घालण्याची पद्धत आली होती, बुचांचा दर्जा सारखा नव्हता, रस काढायची यंत्रं बदलली होती, पिंपातला गाळ ढवळण्याचं प्रमाण वाढलं होतं. संशयित पुष्कळ, आरोपी बहुधा सगळेच थोडेथोडे. नंतर अनेकांनी आपल्या पद्धती तपासून बदलल्या, काहींनी बुचाचा प्रकारच बदलला. पण हे झालं ते ग्राहकांनी ‘ही बाटली बिघडलेली आहे’ असं तोंडावर सांगायला सुरुवात केली म्हणून. सगळे ‘वा, काय मुरलीये’ म्हणत राहिले असते, तर कोणी काही बदललं नसतं.

तोच वास, पण पलीकडच्या डोंगरात

बरगंडीतून पूर्वेला निघालं, सोन नदीचं मैदान ओलांडलं की झुरा डोंगर लागतात. लुई पाश्चर या भागात लहानाचे मोठे झाले. इथे ‘व्हॅं जोन’, म्हणजे ‘पिवळी वाईन’, करतात. साव्हान्याँ नावाच्या द्राक्षाची ही वाईन पिंपात सहा वर्षांहून जास्त काळ ठेवतात आणि उडून कमी झालेली भरतही नाहीत. वरती यीस्टचा पातळ पडदा धरतो, त्याच्याखाली वाईन सावकाश मुरते. एका लिटरमधून शेवटी उरते साधारण ६२ सेंटिलिटर, म्हणून तिची बाटलीही तेवढ्याच मापाची.

या वाईनचा मानाचा वास कोणता? अक्रोड आणि सोतोलॉन. म्हणजे मेथीच! जो वास मर्सोत आला की बाटली फुकट गेली म्हणतात, त्याच वासासाठी इथे सहा वर्षं थांबतात. अशा वाईन शतकभरही टिकतात. १७७४ सालची एक बाटली २०१८ मध्ये लिलावात एक लाखाहून जास्त युरोंना गेली.

मग मेथीचा वास चांगला की वाईट? उत्तर ग्लासात सापडत नाही. करणाऱ्याने काय करायचं ठरवलं होतं, ते माहीत असावं लागतं. झुरावाल्याने मेथी मागितली होती, मर्सोवाल्याने लिंबू आणि लोणी. नाक ‘काय आहे’ ते सांगतं, ‘बरं की वाईट’ हे ठरवायला अभ्यास लागतो. टेस्टर होणं म्हणजे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकणं. चहा, कॉफी, अत्तर, चॉकलेट, कुठल्याही चवीच्या धंद्यात हेच कौशल्य पोटाला लावतं.

आज रात्री करून बघा

यासाठी वाईन लागत नाही, आणि कायद्याने ठरलेलं वय होईपर्यंत तिच्या वाटेला जाऊही नका. आई-आजीच्या परवानगीने डब्यातले दहा पदार्थ घ्या. मेथीदाणे, धणे, जिरं, ओवा, बडीशेप, लवंग, सुंठ, गूळ, कॉफी, चिरून तासभर ठेवलेलं सफरचंद. मित्राला डोळ्यांवर रुमाल बांधायला सांगा. वाट्या एकेक करून नाकाखाली धरा. किती ओळखता आले ते लिहा. दहापैकी सहा आले तरी पाठ थोपटून घ्या, कारण ओळखीचा वास नाव घेताना जिभेवर येऊन अडकतो हे पहिल्या पाच मिनिटांतच कळेल. आठवडाभर रोज करा, आकडा वाढेल.

मग एक फेरी फसवणुकीची करा. रुमाल काढा आणि लिंबाच्या सरबतात वास नसलेला खायचा लाल रंग घालून मित्रांना प्यायला द्या. कसलं आहे विचारा. किती जण सांगतात ‘कोकम’, ते मोजा.

आणि पुढेमागे कधी एखाद्या टेबलावर भारी लेबलची बाटली उघडली, सगळे ‘वा’ म्हणाले आणि तुमच्या नाकाला मेथी लागली, तर आधी विचारा, ‘ही झुराची का?’ नाही म्हणाले, तर नम्रपणे सांगून टाका की बाटली गेलेली आहे. यजमानाला दोन मिनिटं वाईट वाटेल. पण पेटीतल्या उरलेल्या बाटल्या तो आणखी दहा वर्षं जपत बसणार नाही, आजच उघडून बघेल.