मशेरी : स्वच्छतेच्या नावाखालील व्यसन

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड, म्हणजे मशेरी, लावल्याने दात बळकट होतात, हा समज महाराष्ट्रात, विशेषतः स्त्रियांमध्ये, खोलवर रुजलेला आहे. प्रत्यक्षात तिच्यातील निकोटीन, म्हणजे तंबाखूतील व्यसन जडवणारे द्रव्य, तोंडाच्या नाजूक अस्तरातून थेट रक्तात उतरते आणि त्याने येणारी तरतरीच गुण मानली जाते. कीड मात्र दात पोखरत राहते, हिरड्या मागे सरकून मुळे उघडी पडतात आणि गालाच्या आत उमटणारे, पुसता न येणारे पांढरे चट्टे पुढे कर्करोगात बदलू शकतात. दिवसातून चार-चार वेळा मशेरी लावणे ही स्वच्छता नव्हे, तलफ होय. तंबाखूयुक्त दंतमंजनावर भारतात १९९२ पासून बंदी आहे. घरच्या तव्यापर्यंत ती पोहोचलेली नाही.