फुटबॉल आघाडीपटू, कनिष्ठ श्रेणीतील

व्यावसायिक फुटबॉलमधील सर्वोच्च साखळी स्पर्धेच्या खालील श्रेणींत वेतनावर खेळणारा व प्रतिपक्षावर गोल करण्याची मुख्य जबाबदारी असलेला खेळाडू. आघाडीपटूचे मूल्यमापन गोलांच्या संख्येवरून होते. तथापि कनिष्ठ श्रेणीत त्याच्या कारकीर्दीची लांबी गोलांइतकीच, किंबहुना अधिक प्रमाणात, त्याच्या क्लबाच्या आर्थिक स्थैर्यावर अवलंबून असते. महाराष्ट्रातील फुटबॉलचा इतिहास याचे ठळक उदाहरण होय.

पूर्वपीठिका : इंग्लंडमध्ये १८८५ साली व्यावसायिक खेळास मान्यता मिळाली. १८८८ मध्ये बारा क्लबांची साखळी सुरू झाली आणि १८९२ मध्ये तिची दुसरी श्रेणी अस्तित्वात आली. यातून बढती व घसरण ही पद्धत रूढ झाली. खालच्या श्रेणीतील खेळाडूस क्लबासह, किंवा दुसऱ्या क्लबाशी करार करून, वर चढण्याची वाट तीमुळे मोकळी झाली. जेमी व्हार्डी हे याचे अलीकडील उदाहरण. शेफील्ड वेन्झडे क्लबाने सोळाव्या वर्षी वगळल्यानंतर तो कारखान्यात काम करून कनिष्ठ क्लबांकडून खेळत असे. २०१२ मध्ये लेस्टर सिटीने त्यास सु. दहा लाख पौंडांस घेतले आणि २०१५-१६ मध्ये त्या क्लबाने इंग्लंडचे अजिंक्यपद मिळविले. अशी उदाहरणे अर्थातच विरळ आहेत.

आघाडीच्या जागा : जुन्या व्यूहरचनेत पाच आघाडीपटू असत, पुढे ते दोनवर आले आणि आज अनेक संघ मध्यभागी एकच आघाडीपटू ठेवतात. या एका जागेसाठी भारतात परदेशी खेळाडूंशीही स्पर्धा करावी लागते. २००७ साली सुरू झालेल्या आय-लीगच्या पहिल्या सहा हंगामांत सर्वाधिक गोल करणाऱ्याचा मान ओडाफा ओकोली व रँटी मार्टिन्स या दोन नायजेरियन खेळाडूंकडेच राहिला. परिणामतः पुष्कळ भारतीय आघाडीपटूंना मैदानाच्या कडेला किंवा मध्यफळीत खेळावे लागते, अथवा राखीव खेळाडू म्हणून बसावे लागते. गोलांच्या संख्येवरून पारख होणाऱ्या खेळाडूस गोल करण्याची जागाच न मिळणे, हा येथील मुख्य अडसर होय.

भारतातील श्रेणी : राष्ट्रीय फुटबॉल साखळी १९९६ मध्ये सुरू झाली व २००७ मध्ये तिची जागा आय-लीगने घेतली. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. २०२२-२३ पासून आय-लीग ही दुसरी श्रेणी ठरली आणि त्या हंगामातील विजेत्या राउंडग्लास पंजाब संघास सुपर लीगमध्ये बढती मिळाली. त्याखाली आय-लीग २ ही तिसरी श्रेणी होती व २०२३ मध्ये आय-लीग ३ ही चौथी श्रेणी सुरू झाली.

महाराष्ट्र : मुंबईत पूर्वी खेळाडूचा मुख्य आधार नोकरी हा होता. रेल्वे, बँका, गिरण्या व मोठे उद्योग आपापले संघ बाळगीत आणि खेळ थांबल्यावरही कर्मचारी म्हणून खेळाडूचे वेतन चालू राही. व्यावसायिक क्लबपद्धतीत मानधन वाढले. तथापि हा आधार गेला. १९६२ साली स्थापन झालेल्या व २००५-०६ मध्ये राष्ट्रीय साखळी जिंकलेल्या महिंद्र युनायटेडचा संघ २०१० मध्ये बंद करण्यात आला. क्लब परवान्याच्या अटी पूर्ण न झाल्याने एअर इंडियाचा संघ २०१३ मध्ये आय-लीगबाहेर गेला. पुणे एफ. सी. २०१५ मध्ये आणि मुंबई एफ. सी. व डीएसके शिवाजियन्स हे २०१७ मध्ये राष्ट्रीय स्पर्धांतून नाहीसे झाले. सुपर लीगमधील पुणे सिटी हा क्लबही २०१९ मध्ये बंद पडला. अशा प्रत्येक वेळी करारातील खेळाडूंना, त्यांचा खेळ चांगला असो वा नसो, नवा क्लब शोधावा लागला.

खेळाडूच्या घडणीचे मार्गही विषम आहेत. कोल्हापुरात तालमींच्या संघांची जुनी परंपरा असून शाहू स्टेडियमवरील सामन्यांना मोठी गर्दी लोटते. तेथील आघाडीपटू अनिकेत जाधव शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारताकडून खेळला आणि त्यानंतर आय-लीगमधील इंडियन ॲरोज या युवा संघातून सुपर लीगच्या जमशेदपूर क्लबात गेला. विदर्भात नागपूर व कामठी ही या खेळाची प्रमुख केंद्रे होत. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलचा उपक्रम सुरू केला. तथापि त्याचा हेतू सामाजिक आहे, व्यावसायिक खेळाडू घडविण्याचा नव्हे. ब्रह्मपुरी किंवा गडचिरोलीकडील वनप्रदेशातील मुलास प्रथम सु. सव्वाशे किमी. वा त्याहून दूर असलेले नागपूर व नंतर मुंबई-पुणे गाठावे लागते. निवासाची व शिक्षणाची सोय नसल्यास त्याची कारकीर्द सुरू होण्यापूर्वीच खुंटते.

करार व संरक्षण : कनिष्ठ श्रेणीतील करार बहुधा एक-दोन हंगामांचे असतात. गुडघ्याच्या अस्थिबंधास गंभीर इजा झाल्यास सहा ते नऊ महिने, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ, खेळता येत नाही. म्हणजे एका दुखापतीत जवळजवळ पूर्ण करार संपू शकतो. खेळाडूंच्या हितासाठी भारतीय फुटबॉल खेळाडू संघटना २००६ मध्ये स्थापन झाली. जागतिक महासंघाच्या २०१८ मधील नियमानुसार दोन महिन्यांचे वेतन थकल्यास, क्लबास पंधरा दिवसांची लेखी मुदत देऊन खेळाडू करार रद्द करू शकतो. मात्र करार रद्द झाल्याने दुसरा क्लब मिळतोच असे नाही. २०२५ मध्ये सुपर लीगच्या आयोजनाचा करार संपत आल्याने हंगाम लांबला व काही क्लबांनी वेतन स्थगित केले, तेव्हा सर्वोच्च श्रेणीतील खेळाडूंनाही ही अनिश्चितता अनुभवावी लागली.

उत्तरायुष्य : बहुतेक आघाडीपटूंचा खेळ पस्तिशीच्या आत संपतो. पुढे आशियाई महासंघाच्या क्रमवार परवाना परीक्षा देऊन प्रशिक्षक होता येते. काहींना खेळाडूंसाठी राखीव जागांतून शासकीय सेवेत प्रवेश मिळतो. त्यामुळे खेळत असतानाच शिक्षण पूर्ण करणे व मिळकतीचा काही भाग मागे टाकणे, यांना या व्यवसायात सरावाइतकेच महत्त्व आहे.