पाटी आणि ताम्रपट

शाहूवाडी तालुक्यात पावसाळ्यात वीज जाणे कुणाला नवे नाही. आंब्याकडे वारा सुटतो, तारेवर फांदी पडते आणि मलकापूरपासून डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांपर्यंत अंधार होतो. वीज परतली की टीव्हीला आपल्या वाहिन्या बरोबर आठवतात. संगणकावर टाइप केलेला, पण ‘सेव्ह’ न केलेला अर्ज मात्र गेलेला असतो. एका यंत्राला आठवते, दुसरे विसरते. असे का?

यंत्राची स्मृती दोन प्रकारची असते. अस्थायी स्मृती पाटीसारखी. लिहायला सोपी, पुसायला सोपी, पण ओला हात फिरला की कोरी. स्थायी स्मृती ताम्रपटासारखी. कोरायला वेळ लागतो. पण कोल्हापूरच्या शिलाहार राजांचे ताम्रपट आठशे-नऊशे वर्षांनीही वाचता येतात.

श्रोतेहो, हा भेद आज आपल्या मुलांच्या अभ्यासात येऊन बसला आहे. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांच्या हाती ‘एफपीजीए’ नावाची चिप असलेला बोर्ड येतो. झायलिंक्स या अमेरिकन कंपनीने १९८५ साली ही चिप बाजारात आणली. साध्या चिपमधली जोडणी कारखान्यातच कायमची ठरते. एफपीजीएमध्ये छोटे छोटे हजारो ठोकळे आणि त्यांच्यामध्ये तारांचे जाळे असते. कोणता ठोकळा कोणाशी जोडायचा, हे वापरणाऱ्याने ठरवायचे. प्रत्येक सांध्याजवळ स्मृतीचा एक कण असतो. तिथे ‘एक’ असेल तर सांधा जुळतो, ‘शून्य’ असेल तर तुटतो.

खरी गोम इथेच आहे. बहुतेक एफपीजीएमध्ये हे कण अस्थायी असतात. सहा ट्रान्झिस्टरांच्या या कणात दोन बाजू एकमेकींना धरून उभ्या असतात, फुगडी घालणाऱ्या दोघींसारख्या. वीज आहे तोवर तोल राहतो; वीज गेली की हात सुटतात. संगणकातून मजकूर जातो, तशी इथे नुसती माहिती जात नाही, जोडणीच जाते. काल घड्याळ झालेली चिप आज काहीच नसते.

म्हणून बोर्डावर शेजारी ‘फ्लॅश’ नावाची दुसरी चिप बसवलेली असते. तिच्यात विजेचे कण चहूबाजूंनी बंद कप्प्यात कोंडलेले असतात. पेवात धान्य भरून तोंड लिंपावे तसे. बाहेरची वीज गेली तरी ते वर्षानुवर्षे आत राहतात. बटण दाबताच एफपीजीए या फ्लॅशमधून आपली सारी जोडणी वाचून घेते आणि कामाला लागते. महाविद्यालयांत वापरल्या जाणाऱ्या ‘बेसिस ३’ या बोर्डावर ही जोडणी सुमारे १ कोटी ७५ लाख शून्य-एकांची असते आणि ती ठेवायला ४ मेगाबाइटची फ्लॅश असते.

संगणकावरून जोडणी भरण्याच्या वाटा मात्र दोन आहेत. एक सरळ चिपमध्ये, म्हणजे पाटीवर. दुसरी फ्लॅशमध्ये, म्हणजे ताम्रपटावर. पहिली झटपट होते, म्हणून चुकत-सुधारत शिकताना तीच बरी. पण सहा महिने खपून केलेला प्रकल्प एखादी मुलगी पाटीवरच ठेवून तोंडी परीक्षेला नेते, वाटेत बोर्ड बंद होतो आणि परीक्षकांसमोर एकही दिवा लागत नाही. तिची मेहनत खोटी नसते. ती चुकीच्या जागी ठेवलेली असते.

मग सगळेच ताम्रपटावर का लिहू नये? फ्लॅशमध्ये लिहायला वेळ लागतो आणि आधीचे पुसताना अख्खा कप्पा पुसावा लागतो. शिवाय असा कप्पा साधारण एक लाख वेळाच पुसता येतो. दर सेकंदाला बदलणारा आकडा तिथे पुसून-लिहून ठेवू लागलो, तर ही मर्यादा २८ तासांत संपेल. पाटीला अशी मर्यादा नाही.

विसरण्याचाही उपयोग असतो. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. दुर्बिणीच्या नव्या यंत्रणेत आकाशातून आलेले संकेत एफपीजीए बोर्डांवर हाताळले जातात. अशा बोर्डाचे काम बदलायचे तर चिप बदलावी लागत नाही. नवी जोडणी भरली की झाले.

उलट, काही गोष्टी विसरून चालतच नाहीत. मतदान यंत्रात एफपीजीए नसते, पण तत्त्व हेच. डोंगरातल्या केंद्रावरचे मतदान संपले की यंत्र बंद करून, मोहोरबंद करून नेतात. मोजणी कित्येक दिवसांनी होते. तोवर त्या वस्तीचा कौल स्थायी स्मृतीत विजेविना टिकून असतो. तो पाटीवर असता, तर लोकांची उन्हातली पायपीट वाया गेली असती.

तेव्हा घरात कुणी असा बोर्ड घेऊन बसले असेल, तर एवढे सांगा. परीक्षेच्या आदल्या रात्री फ्लॅशमध्ये जोडणी भर. बोर्डावरची छोटी पिन फ्लॅशच्या खुणेवर लाव. मग संगणकाची केबल आणि वीज दोन्ही काढ, सावकाश दहा आकडे मोज आणि नुसती वीज दे. दिवे आपोआप लागले, तर निर्धास्त झोप.

(नभोवाणी भाषण, संपादित)