तळ्यातील दाटी

आपल्या सिल्लोड तालुक्यात मका, कपाशी, मिरची यांच्या जोडीला आता शेततळ्यातील मासेही आले आहेत. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना निघाली आणि अनेकांनी तळी खोदून घेतली. पाणी साठलेच आहे तर त्यात मासे का सोडू नयेत, असा विचार माझ्या काकांनीही केला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. तेव्हा हिशेबाचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. म्हणून हे तिघे एकत्र पाळतात व हेक्टरी साधारण ५ ते १० हजार बोटुकली सोडतात. आमचे तळे ३० मीटर लांब व तेवढेच रुंद, म्हणजे ९०० चौरस मीटर. त्यात बसतात साडेचारशे ते नऊशे. काका म्हणाले, "एवढ्याने काय होणार? दोन हजार सोडू." मी म्हटले, "काका, मका दाट पेरला तर कणसे कशी येतात?"

माशाला जागा अपुरी पडते ती नंतर. आधी श्वास अपुरा पडतो. दिवसा पाण्यातील शेवाळ प्राणवायू सोडते. रात्री तेच शेवाळ आणि मासे मिळून तो खर्च करतात. त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. लिटरमागे ५ मिलिग्रॅम असला की मासे सुखात असतात. ३ च्या खाली गेला की त्यांची खाण्यावरची इच्छा उडते, आणि आणखी घटला तर ते पृष्ठभागावर तोंडे काढून धापा टाकतात. शिवाय त्यांच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडत असतो. (रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीपुरताच, पण एवढे कळते!) दाटीत दांडगे मासे खाद्य आधी गाठतात, दुबळे मागे राहतात, अंगे खरचटतात, आणि उवा व रोग लवकर पसरतात.

मात्र विरळ तेवढे बरे, असाही सरळ नियम नाही. आफ्रिकन मागूर, ज्याच्या पालनास आपल्याकडे बंदी आहे, तो विरळ असतानाच अधिक भांडतो. दुसरी गंमत आंध्रातली. तेथे बोटुकली मुद्दाम दाटीत, कमी खाद्यावर वर्षभर खुरटी ठेवतात. पुढे मोकळ्या तळ्यात सोडली की ती झपाट्याने वाढतात. धंद्याला हे सोयीचे आहे. पण त्या वर्षभरात माशाचे काय होत असेल, हा प्रश्न मला पडतोच.

आपल्याकडची खरी अडचण निराळी आहे. शेततळे मुळात पिकासाठी असते. उन्हाळा लागला की पाणी मका-मिरचीला जाते; काठ उतरते असल्याने पाण्याचा पसराही आकसतो. एकही मासा न वाढवता दाटी दुप्पट होते, आणि तीही उकाड्यात, जेव्हा पाण्यात प्राणवायू कमीच मुरतो. म्हणून बोटुकलीची संख्या श्रावणातले भरले तळे पाहून नव्हे, तर चैत्रातले पाणी डोळ्यांपुढे आणून ठरवावी, असे माझे मत.

आम्ही सहाशेच सोडली. फेब्रुवारीपासून मोठे मासे आधी काढायचे, म्हणजे पाण्याबरोबर दाटीही उतरेल, असे काकांनीच ठरवले आहे.