मनोविकाराचा कलंक आणि उद्याचे डॉक्टर

रोगी कोणत्याही व्याधीने पीडलेला असो, त्याच्याविषयी मनात किंचितही किळस येऊ न देण्याची शिकवण ज्याला पहिल्या दिवसापासून मिळते, तो वैद्यकीचा विद्यार्थी मनोविकाराविषयीचे समाजाचे पूर्वग्रह मात्र घरून घेऊन येतो आणि पुष्कळदा पदवीबरोबर ते तसेच घेऊन बाहेर पडतो. एम.बी.बी.एस.ला मनोविकारशास्त्राची स्वतंत्र परीक्षा नाही. आणि त्या विभागात जे थोडे आठवडे काढावयाचे असतात, त्यांत त्याच्या दृष्टीस पडतो तो विकाराने परमावधी गाठलेला, आप्तांनी धरून आणलेला रुग्ण. तोच रुग्ण औषधोपचाराने सावरून पुन्हा कचेरीत रुजू होतो, मुलांचा अभ्यास घेतो, हे पाहण्याचा योग त्याला क्वचितच येतो. म्हणून ‘सायको’ हा शब्द वसतिगृहात बिनदिक्कत वावरतो.

या शब्दाचा पहिला बळी खुद्द विद्यार्थीच होतो. ४३ देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणारा जो निबंध २०१६ साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे २७ टक्के वैद्यकीय विद्यार्थ्यांत नैराश्याची लक्षणे आढळली, परंतु अशांपैकी उपचार घेतले ते जेमतेम १६ टक्क्यांनी. आणि ते घ्यावेत तरी कोठे? ज्या ओपीडीत जावयाचे तेथे वर्गमित्र बसलेले, तपासणारे डॉक्टर आपलेच अध्यापक, आणि केसपेपर आपल्याच रुग्णालयाच्या दफ्तरात! २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे खरा. पण इभ्रतीची धास्ती कायद्याच्या कलमाने जात नाही.

ती जाते प्रत्यक्ष सहवासाने. विकारातून सावरलेली व्यक्ती वर्गात येऊन, रुग्ण म्हणून नव्हे तर शिक्षक म्हणून, स्वतःची हकीकत सांगते तेव्हा विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन निवळतो, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. मात्र एकाच भेटीचा परिणाम लवकर ओसरतो, म्हणून ही तजवीज दरवर्षी व्हावयास हवी. एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकाने आपणही कधीकाळी असे उपचार घेतले होते असे मोकळेपणाने सांगितले, तर त्याचे मोल मी कोणत्याही व्याख्यानमालेहून अधिक मानीन. उपचारांची सोय महाविद्यालयाबाहेर असावी, आणि त्यासाठी रजेच्या अर्जावर कारण लिहिण्याची सक्ती नसावी, एवढी मुभा देणे कोणत्याही अधिष्ठात्याच्या हाती आहे.

ज्या पालकांची मुले वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत आहेत, त्यांनी गुणांची चौकशी करण्यापूर्वी झोपेची व भुकेची चौकशी करावी, आणि शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक, जेथे अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते, त्यांना आजच कळवावा.