पगाराचा प्रश्न मागे, भीतीचा प्रश्न पुढे

पगार, औषधपाणी, घरभाडे ही अमेरिकेतल्या कामगाराचीही रोजची काळजी आहे. तरीही तिथे निवडणूक आली की सभांमधून वंश, गर्भपात, विवाह, बंदूक हेच विषय गाजतात. असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

2 जुलै 1964 रोजी डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. हॉटेलात व नोकरीत काळा-गोरा भेद करणे बेकायदा ठरले. दक्षिणेतले असंख्य गोरे मतदार त्यामुळे त्या पक्षावर रागावले. त्यांना आपल्याकडे ओढण्याचा डाव रिपब्लिकन पक्षाने टाकला. हा गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनचा पक्ष. आपल्याकडच्या रिपब्लिकन पक्षाशी त्याचे साम्य नावापुरतेच. 1968 साली त्यांचे उमेदवार निक्सन यांनी 'कायदा आणि सुव्यवस्था' ही घोषणा दिली. तिच्यात वंशाचा उल्लेखही नव्हता, पण ऐकणाऱ्याला काय समजायचे ते समजत होते.

1988 साली तर कमाल झाली. डेमोक्रॅटिक उमेदवार डुकाकिस हे मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर होते. तिथल्या तुरुंगातून फर्लो रजेवर सुटलेला विली हॉर्टन हा खुनी कैदी परत आलाच नाही. पुढे 1987 साली त्याने एका घरात घुसून बलात्कार केला. गुन्हा भयंकरच होता. पण बुश यांच्या समर्थकांनी टीव्हीवरच्या जाहिरातीत त्या कैद्याचा काळा चेहरा दाखवला आणि भीती घराघरांत पोहोचवली. ही रजेची पद्धत 1972 साली एका रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात सुरू झाली होती, हे मात्र जाहिरातीत नव्हते! उन्हाळ्यातल्या चाचण्यांत पुढे असलेले डुकाकिस अखेर 40 राज्यांत हरले. बुश यांचे प्रचारप्रमुख ली अ‍ॅटवॉटर यांनी 1991 साली, मृत्यूपूर्वी, आपल्या क्रूर प्रचाराबद्दल डुकाकिस यांची माफी मागितली. पण तोवर निवडणूक होऊन गेली होती.

2004 साली 2 नोव्हेंबरला, राष्ट्राध्यक्षाच्या मतदानासोबतच, 11 राज्यांत समलिंगी विवाहबंदीवर मत घेतले गेले. सर्व राज्यांत बंदी मंजूर झाली.

हे विषय खोटे असतात असे नाही. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढून घेतले, तेव्हा लाखो स्त्रियांपुढे खरेच संकट उभे राहिले. डेमोक्रॅटिक पक्षानेही मग तोच मुद्दा प्रचारात पुढे केला. वाईट आहे ते माणसाला माणसाची भीती दाखवून मत काढून घेणे.

कामगार अडाणी म्हणून फसतो, असेही समजू नये. 2020 साली फ्लोरिडा राज्याने ट्रम्प यांना कौल दिला. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, किमान वेतन टप्प्याटप्प्याने ताशी 15 डॉलर करण्याचा प्रस्तावही आला होता. ही मागणी ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी बायडेन यांच्या कार्यक्रमातली. तरी 60 टक्क्यांहून अधिक मतदारांनी ती मान्य केली. पगाराचा प्रश्न सरळ विचारला, तेव्हा कामगाराने उत्तरही सरळ दिले. म्हणून प्रचारात कोणता प्रश्न विचारला जातो याइतकेच, कोणता विचारला जात नाही, याकडेही मतदाराने लक्ष ठेवले पाहिजे.